वर्गात ३८ मुलं, म्हणून ३८ धडे करायचे का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी तिसरीच्या वर्गाला मराठी शिकवते. पट ३८. सात-आठ मुलं जोडाक्षर आलं की थांबतात, तीन-चार जणांना अजून मात्राच नीट लागत नाहीत. काही जण घडाघडा वाचतात, पण काय वाचलं ते विचारलं की गप्प. आणि एक मुलगी वर्गातली सगळी पुस्तकं संपवून खिडकीबाहेर बघत बसते. प्रशिक्षणात सांगितलं, ‘प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार शिकवा.’ म्हणून रात्री बसून वेगवेगळ्या कार्यपत्रिका केल्या आणि महिन्याभरात दमून गेले. मग एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून बघून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि हातांनी करून शिकणारी अशी मुलांची वाटणी केली. काही फरक पडला नाही. शेवटी चाचणीच्या गुणांवरून अ, ब, क गट पाडले, तर क गटातला एक मुलगा शेजारच्याला सांगत होता, ‘आमचा ढ गट आहे.’ ते ऐकल्यापासून गट मोडून टाकावेत असं वाटतंय. पण सगळ्यांना एकच शिकवलं तर मागची मुलं मागेच राहतात. शिवाय पोर्शन पुढे न्यायचाय. काय करू?

उत्तर:

बाई, तुम्ही महिनाभर रात्री जागून कार्यपत्रिका केल्यात, त्या एका वाक्यापायी. ‘प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार’ हे तुम्ही ‘प्रत्येक मुलासाठी वेगळा धडा’ असं ऐकलंत. बहुतेक शिक्षक तसंच ऐकतात, कारण प्रशिक्षणात ते तसंच ऐकू येईल अशा बेतानं सांगितलं जातं. सांगणाऱ्याला ३८ कार्यपत्रिका तपासायच्या नसतात. माझं म्हणणं वेगळं आहे. मुलं ३८ असली तरी वाचनात अडायच्या जागा ३८ नसतात. पाच-सहा असतात. कोणतं मूल कोणत्या जागी अडलंय एवढं कळलं, की शिकवायच्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजता येतात.

एक साधं वाक्य घ्या: ‘वाऱ्याने पर्वतावरचे सुकलेले गवत हलले.’ चार मुलांना ते वाचायला द्या. पहिला वाचतो, ‘वा… र्या… ने… प-व-र…’ आणि ‘पवर्तावरचे’ म्हणून पुढे जातो. त्याला अक्षरं येतात, पण डोक्यावरचा रफार कधी उच्चारायचा ते माहीत नाही. दुसरी झटकन म्हणते, ‘वाऱ्याने पर्वतावरचे सुंदर गवत हलले.’ तिनं ‘सु’ पाहिला आणि उरलेला शब्द मनानं भरला. तिसरा एकेक अक्षर बरोबर वाचतो, पण इतक्या सावकाश की ‘हलले’पर्यंत पोचताना ‘वाऱ्याने’ विसरलेला असतो. चौथी बिनचूक वाचते. तिला विचारलं, ‘गवत कशानं हललं?’ तर ती तुमच्या चेहऱ्याकडे बघते.

चाचणीत या चौघांना साधारण सारखेच गुण पडतील आणि चौघं क गटात जातील. तिथं सगळ्यांना मिळून बाराखडी गिरवायला दिली, तर एकाचंही काम होणार नाही. पहिल्याला रफार शिकवायला हवा, दुसरीला शब्दाच्या शेवटापर्यंत नजर न्यायची सवय लावायला हवी, तिसऱ्याला सराव हवा आणि चौथीशी बोलायला हवं. तुमचे गट फसले ते ते गट होते म्हणून फसले, असं मला वाटत नाही. ते बेरजेवर पाडलेले होते. बेरीज फक्त किती चुकलं ते सांगते, काय चुकलं ते तिच्यात दिसत नाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाबद्दल एक फार सोपी मांडणी केली होती. वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. यातला ‘गुणिले’ महत्त्वाचा. एका बाजूला शून्य असेल तर दुसरी बाजू कितीही भक्कम असली तरी गुणाकार शून्यच येतो. वर्गात याचा उपयोग असा. मूल जो उतारा वाचताना अडखळलं, तोच उतारा नंतर तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि दोन प्रश्न विचारा. ऐकून समजलं, पण वाचून समजलं नव्हतं, तर अडचण लिपीची आहे. ऐकूनही समजलं नाही, तर शब्दसंपत्तीची, विषयाच्या ओळखीची किंवा भाषेचीच आहे, आणि तिथं अक्षरओळखीचा कितीही सराव घेतला तरी हाती काही लागणार नाही. (दोन्हीकडे कच्ची असलेली मुलंही असतात. त्यांना दोन्ही लागतं.)

तेव्हा पहिलं काम ऐकण्याचं. रोज चार-पाच मुलांना एकेकटं जवळ बोलवा, बाकीचा वर्ग काही लिहीत असताना. प्रत्येकाला तीन-चार मिनिटं पुरतात. आठ-दहा सुटे शब्द, मग एक लहान उतारा, मग ‘काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग.’ दोन आठवड्यांच्या आत पूर्ण वर्ग होतो. वहीत गुण लिहू नका, मूल जे म्हणालं ते जसंच्या तसं लिहा. ‘पवर्त’. ‘सुंदर’. ‘३ वेळा थांबला, जोडाक्षर’. डोळे तपासायचा तक्ता सगळ्यांना एकच असतो आणि नंबर मात्र ज्याचा त्याचा निघतो, तसंच हे आहे; ३८ वेगवेगळ्या चाचण्या करायची गरज नाही. आणि हे वर्गासमोर उभं करून मुळीच नको. चाळीस जणांसमोर अडखळणाऱ्या मुलाचं वाचन कळत नाही, त्याची भीती तेवढी कळते.

हे ऐकताना एक भान ठेवा. ज्या घरात ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, तिथलं मूल पुस्तकातलं ‘पाणी’ही ‘पानी’ असंच वाचेल. ती वाचनातली चूक नाही. त्यानं शब्द ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या बोलीत म्हटला. उलट, याचा अर्थ ते समजून वाचतंय असाच होतो. अशा ठिकाणी दर शब्दाला थांबवून सुधारत बसलात तर महिन्याभरात ते मोठ्यानं वाचायचंच सोडून देईल. प्रमाण उच्चारांचं पुढे कधीतरी, वेगळ्या वेळी बघता येईल.

आता त्या ‘बघून शिकणारी, ऐकून शिकणारी’ वाटणीचं. ती मनातून काढून टाका. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं होतं. मुलाच्या तथाकथित शैलीप्रमाणे शिकवल्यानं ते जास्त शिकतं, याला म्हणावा असा पुरावा त्यांना मिळाला नाही. वाळूत अक्षर गिरवणं, टाळी वाजवून शब्द फोडणं, चित्रकार्ड लावणं हे सगळं जरूर करा, पण ते सगळ्यांसाठी. वाचणाऱ्या प्रत्येकाला डोळेही लागतात आणि कानही.

गट मोडायचे का? अ, ब, क हे गट मोडा. गटानं बसणं मात्र मोडू नका. नवे गट अडचणीच्या नावानं करा: ‘जोडाक्षरवाले’, ‘भरभर वाचनवाले’, ‘गोष्ट सांगणारे’. ते तीन-चार आठवड्यांपुरतेच ठेवा. मुदत संपली की पुन्हा ऐका आणि अदलाबदल करा. एरवी हुशार समजला जाणारा एखादा मुलगा रफाराच्या गटात आठवडाभर बसेल आणि तुमच्या क गटातली एखादी मुलगी गोष्ट सांगणाऱ्यांत जाईल. मुलं हे फार बारकाईनं बघतात. गटाला ‘ढ’ हे नाव तो कधीच बदलत नाही म्हणून चिकटतं. ससा, कासव अशी नावं देऊनही काही साधत नाही, कासव कोण ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलेलं असतं.

इयत्ता बाजूला ठेवून मूल आज जिथं आहे तिथून त्याला शिकवायची पद्धत ‘प्रथम’ या संस्थेनं मोठ्या प्रमाणावर राबवली आहे. तिसरी ते पाचवीची मुलं दिवसातला ठरावीक वेळ अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा टप्प्यांप्रमाणे बसतात, आणि पुढचा टप्पा गाठला की गट बदलतो. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाच्या प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या आणि मुलांच्या वाचनात सुधारणा दिसली. तुमच्याकडे एकच वर्ग आहे, पण तत्त्व तेच लागू पडतं. दिवसातला थोडा वेळ टप्प्याप्रमाणे, उरलेला सगळ्यांचा एकत्र.

प्रत्येक गटात करायचं काय? सगळ्यात जास्त वेळ मात्रा आणि जोडाक्षरांच्या मुलांना द्या, त्यांचं काम सगळ्यात ठोस आहे. आधी एक गैरसमज दूर करते. ‘तिसरीत आला तरी मात्रा येत नाहीत’ हे आपण हताशपणे म्हणतो. पण आपल्या लिप्यांमध्ये स्वरचिन्हं आणि जोडाक्षरं धरली तर शिकायच्या आकृत्या शेकड्यांनी होतात. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी मुळाक्षरांच्या मानानं हे अक्षरज्ञान पक्कं व्हायला पुष्कळ जास्त वेळ लागतो, काही मुलांचं तर तिसरी-चौथीपर्यंत चालू असतं, असं त्यात दिसलं. देवनागरीची बांधणी त्याच घराण्यातली आहे. म्हणजे तुमची ती तीन-चार मुलं मागे आहेत खरी, पण हाताबाहेर गेलेली नाहीत.

त्यांना पूर्ण बाराखडी पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नका. ती गाण्यासारखी पाठ होते आणि मधलंच ‘कै’ विचारलं तर मूल ‘क, का, कि, की’पासून सुरुवात करतं. त्यापेक्षा एका वेळी एकच चिन्ह बदला: मळ, माळ, मेळ, मूळ. प्रत्येक बदलाला शब्द वेगळा होतो, अर्थ वेगळा होतो, आणि चिन्ह काय काम करतं ते मुलाला स्वतःला दिसतं. पहिल्या वेलांटीला जास्त वेळ द्या. ती अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. ‘स्थिती’मध्ये तर ती ‘स्’च्याही आधी उभी असते आणि उच्चार ‘थ’नंतर. डावीकडून उजवीकडे इमानेइतबारे जाणारं मूल तिथं चुकणारच. ‘र’चंही तसंच. सूर्य, क्रम, राष्ट्र, वाऱ्या: एकच ध्वनी चार तऱ्हांनी लिहिला जातो. हे चारही एकाच दिवशी नकोत. ‘पवर्त’ म्हणणाऱ्या मुलाला आठवडाभर फक्त रफार द्या. ‘पर्वत’ फळ्यावर लिहा, आधी तोंडी फोडून घ्या, प-र्-व-त, आणि मग रफारावर बोट ठेवून विचारा, ‘हा व च्या आधी म्हणायचा की नंतर?’ सर्प, गर्व, वर्ग, मार्ग. त्याच आठवड्यात असे शब्द असलेला लहानसा उतारा वाचायला द्या. सुट्या शब्दांत आलेलं वाक्यात येईलच असं नाही.

अडखळत वाचणाऱ्यांना एकच उतारा तीन-चारदा वाचू द्या. एकदा तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. एस. जे सॅम्युएल्स या अभ्यासकांनी १९७९ मध्ये ही पुनर्वाचनाची पद्धत मांडली आणि ती अजून टिकून आहे, कारण तिला काहीच सामान लागत नाही. पहिल्या आणि चौथ्या वाचनातला फरक मुलाच्या स्वतःच्या कानांना ऐकू येतो. घड्याळ लावून शर्यत मात्र करू नका, नाहीतर तुम्हीच अंदाजानं वाचणारी मुलं तयार कराल. अशा अंदाजवाल्यांसाठी उपाय सोपा आहे, पण कंटाळवाणा: चित्र झाका, शब्दाखालून शेवटपर्यंत बोट फिरवायला लावा आणि अंदाज अर्थाला जुळला तरी ‘शाब्बास’ म्हणू नका. ‘सुंदर’ छान आहे, पण इथं ‘सुंदर’ लिहिलेलं नाही.

घडाघडा वाचून गप्प बसणाऱ्यांना आपण बहुतेक वेळा आणखी प्रश्नोत्तरं लिहायला देतो. त्यांना लागतं बोलणं, आणि तेही वाचायच्या आधी. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग केला. सातवी-आठवीतल्या मुलांना बेसबॉलवरचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण बेसबॉलची जाणकार असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे ‘आकलन’ नावाची एकच क्षमता सगळीकडे सारखी चालत नाही, विषय माहीत असावा लागतो. धडा उघडण्याआधी पाच मिनिटं त्या विषयावर गप्पा, दोन-तीन नवे शब्द फळ्यावर आणि वाचताना प्रत्येक परिच्छेदानंतर ‘आता काय झालं?’ एवढं नियमानं करा.

यातूनच पुढची गोष्ट येते. मागच्या मुलांना सोपं वाचायला देताना त्यांच्या वाट्याला फक्त सोपंच येणार नाही ना, हे बघा. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की ज्यांना वाचता येतं ती जास्त वाचतात, त्यामुळे त्यांचे शब्द वाढतात, त्यामुळे ती आणखी चांगली वाचतात. मागचं मूल याच साखळीत उलट्या दिशेनं सरकत जातं. म्हणून रोज दहा-पंधरा मिनिटं तुम्ही सगळ्या वर्गाला काहीतरी चांगलं, तिसरीला जरा जडच वाटेल असं वाचून दाखवा. तिथं गट नाहीत. मात्रा न येणारा मुलगा त्या गोष्टीवर वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारू शकतो, आणि तो विचारताना बाकीची मुलं त्याला ऐकतात.

खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीला आपण हमखास छोटी बाई करून टाकतो. कधीमधी ठीक आहे. रोज नको. तीही शिकायलाच आली आहे. तिला वरच्या वर्गाची पुस्तकं द्या, एकाच विषयावरचे दोन उतारे देऊन ‘यांच्यात काय जुळत नाही?’ असं विचारा, शेवट बदलून लिहायला सांगा. आणि तिचंही वाचन एकदा ऐका. भरपूर वाचणारी मुलं अवघड शब्द गाळून पुढे जायला पटाईत असतात.

वेळेचा हिशेब असा मांडून बघा. भाषेच्या तासातली पहिली वीस मिनिटं गटांची, उरलेला तास धड्याचा. रोज तुम्ही एकाच गटासोबत बसायचं. आठवड्यात तीन दिवस मात्रा-जोडाक्षरांच्या मुलांकडे, उरलेले दिवस बाकीच्यांकडे. हे समसमान नाही आणि ते असूही नये. बाकीचे गट तोवर जोडीनं पुनर्वाचन करतील किंवा मनात वाचतील. सुरुवातीचे आठ-दहा दिवस गोंधळ होईल, म्हणून त्या दिवसांत शिकवू नका, फक्त सवय लावा: पुस्तक कुठून घ्यायचं, शब्द अडला तर कुणाला विचारायचं, बाई दुसऱ्या गटात असताना काय करायचं. कार्यपत्रिका बंद. उतारा एकच, काम वेगळं: कुणी रफाराचे शब्द शोधेल, कुणी मोठ्यानं वाचेल, कुणी प्रश्न तयार करेल. पोर्शन पहिल्या महिन्यात थोडा मागे पडेल. पण ज्यांना धडा वाचताच येत नाही त्यांच्यापुरता तो आजही पुढे गेलेला नाही, फक्त तुमच्या नोंदवहीत गेलाय. मुख्याध्यापकांनी विचारलं तर ऐकण्याची वही दाखवा. पहिल्या फेरीत काय लिहिलंय आणि तिसऱ्या फेरीत काय, ते शेजारी शेजारी ठेवा.

तीन-चार महिने असं नेमानं शिकवूनही एखादं मूल हललंच नाही, तर आधी नजर आणि ऐकणं तपासून घ्यायला पालकांना सांगा. ते ठीक असेल, बोलण्यात मूल चुणचुणीत असेल आणि तरी अक्षर-ध्वनीची सांगड बसतच नसेल, तर तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला सुचवा. निदान तुम्ही करू नका. एखादं अक्षर उलटं लिहिलं म्हणून डिस्लेक्सिया ठरत नाही, लहान वयात ते पुष्कळ मुलं करतात. ‘आळशी आहे’ हे निदानही पालकांच्या कानावर घालू नका.

राहिला तो ‘ढ गट’ म्हणणारा मुलगा. त्याला समजावत बसू नका, ‘तू ढ नाहीस’ असं सांगितल्यानं तो शब्द आणखी पक्का होतो. नव्या वहीत पहिलं नाव त्याचं घ्या. वाचून झालं की नेमकी एक गोष्ट सांगा: ‘तुला सगळ्या मात्रा येतात, फक्त अर्धी अक्षरं अडतात, ती आपण या महिन्यात करू.’ आणि महिन्यानं गट बदलाल तेव्हा त्याला काय यायला लागलंय ते त्याचं त्यालाच वहीत वाचायला द्या.